पोकळ बाजू

१२ जून

प्रिय वहिनी,

“त्याला हात लावू नकोस,” असं आई तुला म्हणाली होती. दादा गेला त्या दिवशी. बाहेर माणसं जमायला लागली होती, दादा आतल्या खोलीत होता, आणि तू नळापाशी प्लास्टरचं घमेलं घेऊन बसली होतीस, कोपरापर्यंत पांढरी. मला तेव्हा एवढंच कळलं की तू आपल्या नवऱ्याच्या चेहऱ्याचा साचा काढायला निघाली होतीस आणि आईने तुला थांबवलं. तू हात धुतलेस, पिशवी उचललीस आणि गेलीस. त्यानंतर या घरातून तुला कोणी पत्र लिहिलं नाही. मीसुद्धा नाही.

नऊ वर्षं झाली. तुझा पत्ता तुझ्या कॉलेजातल्या बाईंकडून मिळवला, त्यांनीही कां-कूं करतच दिला.

आईची दृष्टी गेली. काचबिंदू होता. कडेकडून आत आत येत गेला. शेवटी तिला समोर बटणाएवढा गोल दिसायचा, आणि त्या गोलात ती दादाचं चित्र धरून बसायची. बाहेरच्या खोलीतलं, मी केलेलं, निळ्या शर्टातलं. आधी एक डोळा, मग ओठ, मग दुसरा डोळा, असं तुकड्यातुकड्याने बघायची आणि मनात जोडायची. मार्चपासून तेही नाही.

गेल्या आठवड्यात मी रंग घेऊन परत आले तर ती भिंतीशी उभी होती, तळहात चित्रावर. मला म्हणाली, “नाक कुठंय?”

मी तिचं बोट नाकावर नेऊन ठेवलं.

“आणि कान?”

कानावर नेलं.

“दोन्ही सारखंच लागतंय गं.” मग तिने कॅनव्हास जरा दाबून पाहिला. तो ताणलेला असतो, दाबला की आत जाऊन परत येतो. “हे पोटासारखं लागतंय,” म्हणाली. “तोंडासारखं नाही.”

वहिनी, मी इतकी वर्षं चेहरे रंगवते, त्यावर घर चालवते, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. बघणाऱ्याला नाक पुढे आणि कान मागे दिसतो, कारण मी तिथे सावली टाकलेली असते. सावली हा एक करार असतो. डोळा तो न विचारता मान्य करतो. हात करत नाही. आईने खोलीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावून तिची जागा पाठ केली आहे, दार, मेज, पाण्याचं भांडं. दादाच्या जागी तिला एक भिंत लागली.

आठवतं, आपण दोघी त्याला सुट्टीच्या दिवशी खुर्चीत बसवायचो? मी समोर मांडी घालून, आणि तू माती घेऊन त्याच्याभोवती घिरट्या घालत. तो नकाशे काढणारा माणूस, म्हणायचा, “मला डोंगर सपाट करायचा पगार मिळतो.” आणि आपल्याला म्हणायचा, “ठिपकीच्या हाती सापडलो की भिंतीत जातो. हिच्या हाती सापडलो की वाटेत येतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागतो.”

तो आईच्या वाटेत यायला हवाय. त्याचं डोकं करून दे. मातीचं, प्लास्टरचं, कशाचंही.

आईने मला हे लिहायला सांगितलेलं नाही. ती अजून तुला नुसतं ‘ती’ म्हणते. पण हल्ली जास्त वेळा म्हणते.

तुझी
ठिपकी


२९ जून

प्रिय ठिपके,

पत्र मिळालं. तुझ्या आईच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं.

मला जमणार नाही. मी चेहरे करणं सोडलं. इथे एका कारखान्यात छताच्या कडांना लावायची नक्षी करते. एका साच्यातून प्लास्टरची शेकडो पानं काढायची. सगळी एकमेकांसारखी असतात आणि कुणासारखीच नसतात. त्यात बरं वाटतं.

आणि करायचं म्हटलं तरी कसं करू? तू एका जागी बसून बघतेस. तिथून जे दिसत नाही ते तुझ्यापुरतं नसतंच, आणि चित्राला ते शोभतं. माझं तसं नाही. मी अर्धं पाऊल सरकले की कडा बदलते, आणि अशी प्रत्येक कडा खरी असावी लागते. माणूस समोर नसेल तर सगळ्या बाजूंचे फोटो लागतात. लोक एकमेकांच्या पाठीचे फोटो काढत नाहीत. तुझ्याकडे त्याच्या पाठमोऱ्या डोक्याचा एक तरी आहे का? नसणार. मग पुढे चेहरा करू आणि मागे काय लावू, गोटा?

तुझ्या आईला सांगू नकोस मला लिहिलंस म्हणून.

तू मला अजून वहिनी म्हणतेस. चालेल.

वहिनी


१७ जुलै

प्रिय वहिनी,

फोटो नाही. सगळे अल्बम उपसले. एका समारंभात कडेला त्याची पाठ दिसते, पण नेमकी त्या दिवशी त्याने टोपी घातली होती.

तुझ्या ‘नाही’नंतर मी एक वेडेपणा केला. त्याचं नवीन चित्र काढलं, फक्त आईच्या बोटांसाठी. लवकर वाळणारा रंग घेतला आणि सुरीने थरावर थर चढवले. म्हटलं, नाक लागेल, ओठ लागतील, तेवढं तर लागेल. नीट वाळू दिलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. तिचं बोट फिरत फिरत एका जागी थांबलं.

“ही गाठ कसली?”

चष्म्याच्या काचेवरची चमक होती ती. मग खालच्या ओठावरची चमक, मग डोळ्यांतली, आणि सगळ्यात जाड थर शर्टाच्या बटणावर. माझ्या हाताने सवयीप्रमाणे जिथे उजेड पडतो तिथे रंग चढवला होता. नाकाची अर्धी बाजू सावलीत, म्हणून तिथे रंग पातळ, म्हणून आईच्या बोटाला तिथे खड्डा. माझा हात उजेड मोजतो, उंची मोजतच नाही. मला वाटायचं मी दोन्ही मोजते.

आई म्हणाली, “कांजिण्या आल्यासारखा झालाय बिचारा.” आणि हसली. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

तू सांगू नकोस म्हणाली होतीस, पण तुझं पत्र आईच्याच हातात पडलं. तिने पाकीट चाचपलं, बोटं एकमेकांवर चोळली. “तिचं आहे?”

“कसं ओळखलंस?”

“पीठ लागल्यासारखं लागतंय. तिच्या सगळ्या वस्तूंना लागायचं.” मग म्हणाली, “वाच.”

वाचलं. गोट्याशी आले तेव्हा तिने मला थांबवलं. ती कणीक मळत होती, ते काम ती अजून कुणाला देत नाही. म्हणाली, “गोटा कशाला लावतेय? डावीकडे मागे चपटं होतं त्याचं डोकं. लहानपणी निजायचा तिथे खिडकी डावीकडे होती. सारखं तोंड उजेडाकडे. मी दुसऱ्या अंगावर वळवलं की पुन्हा फिरायचा. शेवटी मी नाद सोडला. तसंच राहिलं.” आणि कणकेचा गोळा उचलून तिने तळहाताच्या टाचेने एका बाजूने दाबला, फिरवून पाहिला, पुन्हा जरासा दाबला. “एवढं,” म्हणाली.

मी त्या गोळ्याची चार बाजूंनी चित्रं काढून सोबत पाठवतेय. चारही चित्रांत तो कणकेचा गोळाच दिसतो, त्याला मी काय करू? आईच्या हातात होता तेव्हा ते दादाचं डोकं होतं.

मी त्याला किती वेळा काढलं असेल, वहिनी. मला हे माहीत नव्हतं. तो नेहमी थोडा वळून, उजवा गाल माझ्याकडे करून बसायचा, आणि मला वाटायचं त्याला तो गाल आवडतो.

मी आईला म्हटलं, तू तरी कधी बोलली नाहीस. तर म्हणाली, “तिला विचार. तिला माहीत असणार. तिचा हात फिरलाय.”

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

तुझी
ठिपकी


११ ऑगस्ट

प्रिय ठिपके,

माहीत आहे. डावीकडे, कानाच्या मागून वर. माझा तळहात तिथे बरोबर बसायचा. मला वाटायचं ही जागा जगात फक्त मला ठाऊक आहे. ती आधी कोणीतरी केली असेल, हे डोक्यात आलं नाही.

तुला एक गोष्ट चुकीची माहीत आहे. त्या दिवशी मी साचा काढायला निघाले नव्हते. काढून झाला होता. आई बोलल्या तेव्हा मी घमेलं धूत होते. साचा टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत होता, तो मी नेला. त्यांनी मला अडवलं असं त्यांना वाटलं, तुलाही वाटलं. मी वाटू दिलं.

डॉक्टरांनी आईंना झोपेचं औषध दिलं होतं. तू फोन करायला खाली गेली होतीस. मी त्याच्या भुवयांना तेल लावलं, केसांच्या कडेला ओला कागद. प्लास्टर कालवलं. मी हे काम शेकडो वेळा केलं होतं, हात आपोआप चालले. एक मात्र विसरले होते. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. वरून हात ठेवला तर ऊब लागली. थोडा वेळ त्याचा चेहरा गरम होता, ठिपके. मग ऊब उतरली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

साचा माझ्याकडे आहे. त्यात सगळं उलटं असतं. नाकाच्या जागी खड्डा, मिटलेल्या पापण्यांच्या जागी दोन उथळ वाट्या. खोलीत खिडकीच्या समोर भिंतीला टेकवून ठेवलाय. दाराशी उभं राहून एक डोळा मिटला, आणि उजेड बाजूने येत असला, की तो खड्डा उलटतो आणि चेहरा बाहेर येतो. मी चालले की त्याचं तोंड माझ्याबरोबर वळतं. जवळ गेलं, हात पुढे केला, की पुन्हा खड्डा. तुझ्या चित्रातला माणूस खोलीभर बघत राहतो तसंच हे, आणि तरी हे खरंच आत खोल आहे. ही वस्तू तुझ्यात मोडते की माझ्यात, मला ठरवता आलेलं नाही.

तू मागतेस ते यातून होईल. आत प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा. नाकपुड्यांशी, ओठांच्या कोपऱ्यांशी अडकतं, म्हणून अख्खा सुटत नाही. फोडावाच लागतो. हातात एक पांढरा माणूस येईल. पांढरी माणसं मी पुष्कळ केली. मग साचा नसेल.

मी ते करणार नाही. म्हणून पहिल्या पत्रात कारणं सांगत बसले. कारणंही खरी होती.

आईंना हे वाचून दाखवू नकोस.

वहिनी


२४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

मी दाखवणार नव्हते. पहिला परिच्छेद वाचला आणि थेट ‘वहिनी’ म्हणून संपवलं.

आई म्हणाली, “हं. मग?”

“संपलं.”

“तीन कागद उलटल्याचा आवाज आला. बोललीस अर्ध्या कागदाएवढं. आंधळी झालेय, बहिरी नाही.”

म्हणून सगळं वाचलं. ऊब उतरली, त्या ओळीशी आले तेव्हा म्हणाली, “ते पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. मग ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी बाहेर आली तेव्हा म्हणाली, “तिचं तिच्यापाशी राहू दे. फोडायला सांगू नकोस. ऐकलंस?” ऐकलं म्हटलं. मग चित्र भिंतीवरून उतरव म्हणाली. त्याला बघायला कोणी नाही, म्हणे.

“मी आहे की.”

“तू बघत नाहीस. तपासतेस.”

चित्र उतरवलंय. भिंतीवर त्याच्या आकाराची फिकट चौकट राहिली आहे, आणि माझी नजर आता त्या चौकटीवर जाते. आई मात्र जाता-येता तिथे थांबते, हात वर करते, आणि भिंत लागायच्या आधीच मागे घेते.

तू लिही किंवा नको लिहूस. मी आता काही मागत नाही.

ठिपकी


३० ऑक्टोबर

प्रिय ठिपके,

एक खोकं वेगळं पाठवलंय. वरची बाजू वर ठेवून उघड. आत जुन्या चादरीत चेहरा आहे. भाजलेल्या मातीचा आहे, ओल्या हातांनी धरला तरी चालेल, पण पाडू नकोस. आईंच्या मांडीवर आधी उशी ठेव, मग त्यावर दे. भिंतीवर टांगू नका.

उलट काही लिहायची गरज नाही.

वहिनी


१६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

गरज नाही कशी?

उशी ठेवली. त्यावर चेहरा ठेवला आणि बाजूला झाले. आईने आधी दोन्ही हात हवेतच धरले, चुलीच्या उबेवर धरावेत तसे. मग टेकवले. कपाळ. भुवया. नाकावर एक बोट वरून खाली आलं आणि टोकाशी खरंच खाली पडलं, वहिनी, टोकावरून ओठावर पडलं, आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं माझ्या चित्रात ते पडणं नव्हतं. तिथे रंगाचा एक काळपट पट्टा होता, एवढंच.

पापण्यांवर ती फार वेळ होती. “झोपलाय,” म्हणाली. मग, जराशाने, “उठ आता.” रागावून नाही, शाळेच्या दिवशी उठवावं तसं.

त्यानंतर तिने वीत लावली. अंगठा हनुवटीला, करंगळी केसांच्या कडेला. दोनदा लावली. “हा लहान आहे,” म्हणाली. “सोळा-सतराचा असेल. मिशी नुकती येतेय. लग्नाच्या पुष्कळ आधीचा. हा अजून आपल्याकडेच आहे.”

तू काढलास तो साचा पुरत्या वाढलेल्या माणसाचा होता हे मला माहीत आहे. पण तिच्या हातांना तसं वाटत असेल तर वाटू दे. हातांचंही वय होतं, मापं विसरतात. आणि ती किती हलकी झाली आहे, तुला दिसायला हवं होतं. दुपारभर तो तिच्या मांडीवर असतो. त्याला सगळं सांगते, भाजी महाग झाल्यापासून माझे केस पांढरे झाल्यापर्यंत.

मागे हात घालूनही पाहिला तिने. मागे पोकळ आहे, हे तिला मी आधी सांगायला हवं होतं. बोटं आत गेली आणि तिचा चेहरा जरा बदलला. मग म्हणाली, “एकीने सपाट केला, एकीने पोकळ केला. दोघी मिळून अजून पाठ काही देत नाहीत.” त्या पोकळीत तुझे अंगठे उमटले आहेत, डोळ्यांच्या मागे, गालांच्या मागे. तिने ते एकेक शोधून काढले आणि त्यात स्वतःचे अंगठे ठेवून बघितले. “तिचे हात मोठे आहेत,” म्हणाली. बस, एवढंच. पण तिथे तिने बराच वेळ हात ठेवले होते.

मला सारखा तुझ्या खोलीतला तो कोपरा दिसतो, खिडकीच्या समोरचा, आता रिकामा. मी मागणार नाही म्हणाले होते, आणि तू न मागता फोडलास. तू दाराशी उभी राहून एक डोळा मिटत असशील आणि समोर भिंत असेल. माझ्यामुळे. आभार मानायचे तर शब्द फार हलके वाटतात, माफी मागायची तर फार उशीर झाला. म्हणून फक्त काय काय झालं ते लिहिलं.

तुझी
ठिपकी


५ डिसेंबर

प्रिय ठिपके,

मी साचा फोडलेला नाही. तो भिंतीशी आहे.

तू आभार मानलेस, म्हणून हे लिहावं लागतंय. नाहीतर नसतं लिहिलं.

मऊ माती पातळ थापून मी साच्यात आतून दाबली. ती जरा सुकली की आपोआप सुटते, साच्याला काही होत नाही. नाकपुड्या तुटल्या, त्या हाताने केल्या. पण माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. दहातला एक भाग जातो, सगळीकडून सारखा, म्हणून चेहरा तोच राहतो. डोळ्याने बघून तुला कळलं नसतं, कळलंही नाही. मला वाटलं होतं हातालाही कळणार नाही. एवढ्या वर्षांनी कुणाच्या हातात माप राहतं?

आईंच्या हातात राहिलंय. त्यांच्या हातांचं वय झालेलं नाही, तुझा अंदाज चुकला. तो सोळाचा नाही. त्याच दिवशीचा आहे, फक्त आटलेला.

मला त्यांना फसवायचं नव्हतं. मला दोन्ही ठेवायचं होतं, त्यांना द्यायचंही आणि माझं राखायचंही. हे दोन्ही एकदम होत असतं तर लोकांनी छिन्नी कशाला केली असती?

माती दाबताना एक झालं. मी त्याचा चेहरा आयुष्यभर बाहेरून केला, माती चढवत चढवत. या वेळी पहिल्यांदा मी आतल्या बाजूला होते. अंगठे पापण्यांच्या मागे होते, तो बघायचा तिथे. ते ठसे पुसून घ्यायला हवे होते, तशी पद्धत आहे. नाही पुसले.

आता त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. खरं सांगावं तर त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा मी परत काढून घेतल्यासारखं होईल. मला ते एकदा जमलं होतं, पुन्हा नको.

वहिनी


२२ डिसेंबर

वहिनी, हे पत्र आई सांगतेय आणि मी लिहितेय. जसं बोलेन तसं लिही, तुझी कलाकुसर करू नकोस, अशी ताकीद आहे. — ठिपकी

सूनबाई,

हिने तुझं पत्र लपवलं होतं. मला कळलं, कारण दोन दिवस ही माझ्याशी फार गोड बोलत होती. मग वाचून घेतलं.

चेहरा लहान आहे आणि का लहान आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं. आयुष्यभर घरातले लोकरीचे कपडे धुतले मी. काय ताणतं आणि काय आकसतं ते माझ्या हातांना कळतं. तू फोडला नाहीस हेही तेव्हाच कळलं, आणि मला बरं वाटलं. हिला मी सांगितलं नाही, कारण ही लगेच तुला कळवून मोकळी झाली असती.

मी सोळाचा म्हणाले, कारण तसा धरला की तो माझा होता. मोठा झाल्यावर तो तुझा झाला, त्यात काही वाईट नाही, तसंच होतं. मला वाटलं, तुलाही तसंच म्हणायचंय. लहान तुम्ही ठेवा, मोठा माझ्याकडे राहू दे. मला ही वाटणी पटली होती. तू मुद्दाम केली नव्हतीस हे आता कळलं, तरी पटलेलीच आहे. तेव्हा काढून घेतलास वगैरे मनात आणू नकोस. हा माझ्या मांडीवर आहे.

तू लिहिलंस की प्लास्टर गरम होतं. ते मी रोज आठवते. मी उठून त्या खोलीत आले तेव्हा मीही त्याच्या गालाला हात लावला होता. गार होता. तुझ्या हाताला शेवटची ऊब लागली, म्हणजे कुणाला तरी लागली.

(इथे आई थांबली. मला पाणी आणायला पाठवलं. — ठिपकी)

आता माझं काम सांगते. तो साचा घेऊन इकडे ये. फोडायचा नाही. मला त्यात हात घालायचाय. ही म्हणते, आई, आत सगळं उलटं असतं, तुला काही समजणार नाही. हिला काय माहीत. मी त्याला आधी नऊ महिने आतूनच ओळखत होते, तोंड नंतर पाहिलं. आणि बाहेरून जे लागतं ते नंतरचं असतं, तुझ्या मातीचं, हिच्या रंगाचं. त्या खड्ड्यात मात्र तो स्वतः होता. तिथे त्याच्या आणि प्लास्टरच्या मध्ये काही नव्हतं. माझा हात तिथे जाईल.

तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर नाहीच म्हणाले असते. एवढ्या लांबचा प्रवास, गाडीचे धक्के, वाटेत तडा गेला तर तुझ्याकडे काय राहिलं? शिवाय मी तुला त्या दिवशी जे बोलले ते बोलले. ते पुसून टाकता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही, हिलाही रुसू देणार नाही. एक ओळ लिही, नाही म्हणून, पुरे.

तरी विचारते. टॉवेलात गुंडाळून, तेव्हा नेलास तसा, मांडीवर धरून आण. आणि एकदा मला त्याला हात लावू दे.